दहा बाय बाराच्या खोलीतले गाणे

देश स्वतंत्र झाला तेव्हा भारताच्या वाट्याला आकाशवाणीची सहा केंद्रे आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. आणखी पाच केंद्रे संस्थानांची होती: म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद. पुण्याला आकाशवाणी केंद्र मिळायला १९५३ साल उजाडावे लागले. निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादला ते आधीच होते, आणि १९५० मध्ये ते आकाशवाणीत सामील झाले. आजच्या छत्रपती संभाजीनगरात यंत्रातून गाणे ऐकण्याची सवय इतकी जुनी आहे.

पुढे याच शहराच्या परिसरात ऐकण्या-पाहण्याची यंत्रे तयार होऊ लागली. पैठण रस्त्यावरच्या चितेगावातला व्हिडिओकॉनचा कारखाना मराठवाड्यातल्या हजारो घरांना ठाऊक होता. नव्वदच्या दशकातला या कंपनीचा ‘बझूम्बा’ टीव्ही चित्राइतकाच आवाजाच्या जोरावर विकला गेला. त्या काळच्या टीव्हीला पिक्चर ट्यूबमुळे खोल पाठ असे आणि त्या खोक्यात बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरला जागा मिळे. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तोवर घरोघरचे टीव्ही भिंतीला चिकटले होते. चित्र मोठे आणि लख्ख झाले. स्पीकर मात्र बोटाएवढे होऊन खालच्या किंवा मागच्या बाजूला गेले, आणि आवाज भिंतीवर आपटून कानांशी येऊ लागला. लॅपटॉपचेही तेच झाले, मोबाइलचे तर विचारायलाच नको.

आज घरात गाणे आहे, पण त्याला अंग नाही. डग्गा ऐकू येत नाही, त्याचा अंदाज करावा लागतो. तानपुऱ्याची जवारी माशीच्या गुणगुणीएवढी उरते. बातम्या सांगणाऱ्याचे शब्द समजण्यासाठी आवाज वाढवावा लागतो, आणि वाढवला की तो फाटतो. हे दुरुस्त करायला लाखाची ‘सिस्टीम’ लागत नाही. टेबलावर मावणारी स्पीकरची एक जोडी, हाताशी असलेला मोबाइल किंवा संगणक आणि खोलीकडे थोडे लक्ष, एवढ्यावर काम होते. या पुस्तिकेचा विषय तोच आहे, आणि ती ज्या एका म्हणण्यावर उभी आहे ते सुरुवातीलाच मांडलेले बरे.

डिजिटल तंत्राने गाणे साठवण्याचा आणि वाजवण्याचा प्रश्न जवळजवळ फुकटात सोडवला आहे. हवा हलवण्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि पैसा तिथेच लागतो. म्हणून थोडक्या रकमेतला मोठा वाटा स्पीकरला द्यावा, स्रोतावर कमीत कमी खर्च करावा, आणि जे पैशाने विकत मिळत नाही, म्हणजे मांडणी आणि चांगल्या ध्वनिमुद्रणाचा शोध, त्यावर वेळ घालवावा. बाजारात नेमके उलटे होताना दिसते. वायर, ‘हाय-रेझ’चा शिक्का, दिव्यांची झगमग यांवर खर्च होतो आणि स्पीकर मात्र कोपऱ्यात, पडद्यामागे किंवा जमिनीवर जातो.

आधी स्रोताचे पाहू. फिलिप्स आणि सोनी यांनी ठरवलेल्या मानकानुसार पहिले सीडी प्लेयर १९८२ मध्ये जपानात विक्रीला आले. त्या मानकात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. यातून सुमारे २२,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज पकडता येतो. माणसाचा कान तरुणपणी फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येत जाते. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबल मिळते. उन्हाळ्यात पंखा आणि पत्र्याचा कूलर चालू असलेल्या खोलीत यातला निम्मा भाग तरी कानांपर्यंत येतो का, हा प्रश्नच आहे. घरगुती श्रोत्याची गरज चाळीस वर्षांपूर्वीच्या सीडीनेच पुरवली होती.

नंतरच्या शोधांनी हा आवाज लहान जागेत बसवला. एमपीथ्री हे नाव १९९५ मध्ये रूढ झाले; त्यात कानाला न जाणवणारा तपशील गाळून फाइल आटवली जाते. २००१ मध्ये आलेल्या फ्लॅक पद्धतीत काहीही न गाळता फाइल साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश आकाराची होते, आणि ही पद्धत सर्वांना मोफत खुली आहे. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट असतो; चांगल्या एमपीथ्रीचा ३२०. या दोहोंतला फरक शांत खोलीत, उत्तम स्पीकरवर, लक्ष देऊन ऐकणाऱ्यालाही अनेकदा ओळखता येत नाही. ६४ आणि ३२० यांतला फरक मात्र कोणालाही कळतो. झांजांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो आणि टाळ्यांचा कडकडाट कागद चुरगळल्यासारखा. जुन्या मेमरी कार्डांत कोणी तरी भरून दिलेली शेकडो गाणी याच जातीची असतात. त्यांच्यासाठी महागडा स्पीकर घेतला, तर दोष अधिक स्वच्छ ऐकू येतील एवढेच.

आकड्यांचे विद्युतलहरींत रूपांतर करणारा भाग म्हणजे डॅक. तो प्रत्येक मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये आणि ब्लूटूथ स्पीकरमध्ये असतोच. २०१६ मध्ये आयफोन-७ मधून हेडफोनचे गोल छिद्र गेले आणि पुढे अनेक अँड्रॉइड फोनांनीही ते काढून टाकले. त्यांच्यासाठी टाइप-सी पिनेचा छोटा अडॅप्टर घ्यावा लागतो. अशा बोटभर अडॅप्टरमध्ये बसवलेले आजचे डॅक मोजमापात इतके चांगले उतरतात, की टेबलावरच्या स्पीकरसाठी त्यापुढे जायची गरज क्वचितच पडते. एक काळजी मात्र घ्यावी. काही स्वस्त अडॅप्टरांत डॅक नसतोच. ते फक्त तारा जोडून देतात आणि ठरावीक फोनांवरच चालतात. घेताना आपला फोन सोबत न्यावा आणि दुकानातच लावून पाहावा.

ब्लूटूथ की वायर, हा प्रश्न हमखास विचारला जातो. सर्वत्र चालणाऱ्या एसबीसी पद्धतीत ब्लूटूथचा प्रवाह साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जातो. सोनीची एलडॅक पद्धत ९९० पर्यंत पोचते, पण फोन आणि स्पीकर दोघांतही ती असावी लागते. स्वयंपाकघरातून गाणे बदलायचे असेल तर ब्लूटूथइतकी सोय दुसरी नाही. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. गाणे ऐकताना हे जाणवत नाही, पण संगणकावर सूर वाजवून रियाज करणाऱ्याला लगेच खटकते. तिथे वायरच बरी. ती स्वस्त असते, चार्ज करावी लागत नाही आणि शेजारच्या फोनला चुकून जोडली जात नाही.

मराठी श्रोत्याला स्रोत कोणकोणते मिळतात याची यादी आता बरीच मोठी आहे. आकाशवाणीच्या वाहिन्या ‘न्यूजऑनएआर’ या मोफत अॅपवर मिळतात. शास्त्रीय संगीताला वाहिलेली ‘रागम’ ही चोवीस तासांची वाहिनी २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली, आणि हिंदुस्थानी व कर्नाटक अशा दोन्ही पद्धतींचे गाणे तिथे विनामूल्य ऐकता येते. डीडी फ्री डिशच्या छत्रीवर आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या उतरतात, म्हणजे इंटरनेट नसलेल्या घरातही टीव्हीच्या मागचे ध्वनीचे टोक स्पीकरला जोडून गाणे लावता येते. पैसे भरून घेण्याच्या सेवांत स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आले. अॅपल म्युझिकने २०२१ पासून सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण जादा दर न लावता दिले. स्टोरीटेल २०१७ पासून मराठी पुस्तके ऐकवत आहे. ज्यांना पडद्यावर बोट फिरवायचे नाही, त्यांच्यासाठी सारेगामाने त्याच वर्षी जुन्या रेडिओच्या रूपातला ‘कारवाँ’ आणला. त्यात गाणी आधीच भरलेली असतात आणि पुढे त्याची मराठी गाण्यांची आवृत्तीही आली. घरातल्या ज्येष्ठांना तो सोयीचा पडतो.

शिवाय प्रत्येक घराचा आपला खजिना असतो. मराठवाड्यात ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॅसेटनी भिंती भरल्या होत्या. भीमगीते, कीर्तने, भारुडे, कव्वाल्या, लग्नातली गाणी आणि आजोबांच्या तोंडच्या गोष्टी एका ‘टेप’वर आळीपाळीने वाजत. या फिती दर उन्हाळ्याबरोबर झिजत चालल्या आहेत. चालू स्थितीतला एक टेप-डेक, लाइन-इनची सोय असलेले छोटे यूएसबी साउंड कार्ड आणि ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर त्या वाचवता येतात. भरण्याआधी डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि मूळ फाइल फ्लॅकमध्ये ठेवावी. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर अशी दीडशेहून अधिक तासांची ध्वनिमुद्रणे मावतात. दोन प्रती दोन घरांत असाव्यात.

खूप जुन्या ध्वनिमुद्रणांकडून काय अपेक्षा ठेवायची, हेही ठाऊक असावे. १९२५ च्या आसपास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले. त्याआधी गायक भोंग्यासमोर तोंड करून गात, आणि त्या तबकडीवर साधारण दोन हजार हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज उमटे. अब्दुल करीम खाँ यांच्या सुरुवातीच्या तबकड्या अशाच आहेत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. त्यातच राग मांडायचा, हे त्या पिढीचे कसब होते. केसरबाई केरकरांची भैरवी याच साच्यातली आहे, आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून ती सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने आणि तिचे मानद सचिव सुरेश चांदवणकर यांनी अशा तबकड्या जपण्याचे आणि त्यांच्याविषयी लिहिण्याचे मोठे काम केले. या ध्वनिमुद्रणांत खोल बास नाही आणि लखलखता ट्रेबल नाही. त्यांना लागतो तो मधल्या पट्ट्यात सच्चा असलेला स्पीकर. धमाकेदार वूफर त्यांच्या काहीच कामाचा नाही.

मग स्पीकर कसा निवडायचा? पहिला अडसर खोक्यावरच्या आकड्यांचा. नव्वदच्या दशकात बाजारात ‘पीएमपीओ’ हे मोजमाप फोफावले आणि हाताच्या ओंजळीत मावणाऱ्या स्पीकरवर हजार-हजार वॉट छापले जाऊ लागले. त्याला कोणतेही ठरलेले मानक नव्हते. अमेरिकेत तर घरगुती अॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजून सांगायची याचा नियम सरकारला १९७४ मध्येच करावा लागला होता. ग्राहकाने ‘आरएमएस’ वॉट विचारावेत आणि एक साधी पडताळणी करावी. संगणकाच्या जुन्या पद्धतीच्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट वीज मिळते. यूएसबी-३ मधून साडेचार वॉट. फक्त अशा पोर्टवर चालणाऱ्या स्पीकरवर वीस वॉट छापलेले असतील, तर ती वीज येते कुठून?

कमी वॉटांची भीतीही बाळगू नये. वॉट दुप्पट केले की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट मोठा वाटायला दहापट वॉट लागतात. साध्या स्पीकरला एक वॉट दिला, तर एक मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो. टेबलाशी बसलेल्या माणसाला तो भरपूर झाला. स्पीकर हात लांब केल्यावर पोचेल इतक्या अंतरावर असणे, हाच टेबलावरच्या मांडणीचा सर्वांत मोठा फायदा आहे. थोड्या वॉटांत काम होते आणि खोलीच्या दोषांआधी स्पीकरचा सरळ आवाज कानांत पोचतो.

खरा प्रश्न स्पीकरच्या पडद्याच्या आकाराचा आहे. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते. सव्वादोन इंची पडद्यापेक्षा चार इंची पडद्याचे क्षेत्रफळ तिपटीहून अधिक असते. क्रिएटिव्ह कंपनीचा ‘पेबल’ हा पहिल्या, म्हणजे छोट्या पडद्यांच्या प्रकारचा. यूएसबीवर चालतो, कंपनी त्याची ताकद ४.४ वॉट सांगते, आणि त्याचे पडदे ४५ अंशांत वर वळवलेले असल्याने आवाज टेबलावर न आपटता कानांकडे येतो. दोन-अडीच हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या अशा जोडीवर बोलणे, भावगीत, तारवाद्ये स्वच्छ ऐकू येतात. डग्ग्याचा घुमारा मात्र तिच्या आवाक्याबाहेर राहतो. बीजिंगमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या एडिफायरचा ‘आर १२८० टी’ हा दुसऱ्या प्रकारचा आहे. चार इंची वूफर, वेगळा ट्वीटर, आतच बसवलेला ४२ वॉटचा अॅम्प्लिफायर आणि लाकडी खोका. त्याच्याच ‘डीबी’ आवृत्तीत ब्लूटूथ आणि टीव्हीसाठी ऑप्टिकल जोडणी मिळते. प्रीसोनसचा ‘इरिस ३.५’ किंवा एडिफायरचाच ‘एमआर ४’ हे छोट्या स्टुडिओंसाठी बनवलेले, पण घरातही चालणारे पर्याय आहेत. हा गट साधारण आठ ते बारा हजारांच्या आसपास फिरतो, सणासुदीच्या सवलतीत खालीही येतो. नावे उदाहरणादाखल आहेत. मॉडेल बदलत राहतील, कसोटी बदलणार नाही.

दोन छोटे स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक वूफर, अशा ‘टू पॉइंट वन’ संचांना आपल्याकडे मोठी मागणी आहे. सिनेमासाठी आणि नाचाच्या गाण्यांसाठी ते ठीकच. गायन ऐकायचे असेल तर नीट तपासून घ्यावे. या संचांतले बाजूचे स्पीकर फार लहान असले, की दीडशे-दोनशे हर्ट्‌झच्या खालचे सगळे काम वूफरकडे जाते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर ८५ ते १८० हर्ट्‌झच्या दरम्यान असतो. म्हणजे वृत्तनिवेदकाचा किंवा कीर्तनकाराचा निम्मा आवाज टेबलाखालून, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. तेवढ्याच पैशांत वूफर नसलेली, पण मोठ्या पडद्यांची जोडी मिळत असेल, तर गाण्याच्या श्रोत्याने तीच घ्यावी.

आता खोली. सिडको-हडकोतल्या घरांपासून नव्या फ्लॅटपर्यंत दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली ओळखीची आहे. अशा खोलीत बारा फुटांच्या लांबीत सुमारे ४७ हर्ट्‌झचा सूर आणि दहा फुटांच्या रुंदीत सुमारे ५६ हर्ट्‌झचा सूर भिंतींमध्ये अडकून घुमतो. उंचीही दहा फूट असल्याने ५६ हर्ट्‌झवर हे दोनदा घडते. त्या सुरांवर बास फुगतो आणि खोलीच्या मधोमध बसले तर काही सूर नाहीसेही होतात. स्पीकर बदलून हे जात नाही. जागा बदलून बरेच जाते. स्पीकर कोपऱ्यातून काढावेत. मागे छिद्र असलेल्या स्पीकरला भिंतीपासून वीतभर तरी मोकळी जागा द्यावी. दोन स्पीकर आणि डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर कानांच्या उंचीवर यावेत. उंची कमी पडत असेल तर खाली दोन जाड पुस्तके पुरतात.

फरशी, गुळगुळीत भिंती आणि काचेची खिडकी असलेल्या खोलीत शब्द एकमेकांत मिसळतात. पुस्तकांचे कपाट, जाड पडदा, सतरंजी, गादी यांनी वरच्या पट्टीतला खणखणाट कमी होतो. पडद्याने बास मात्र थांबत नाही, कारण १०० हर्ट्‌झच्या एका लहरीची लांबीच जवळजवळ साडेतीन मीटर असते. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीपार असताना, कूलर बंद करून गाणे ऐका असे कोणी सांगू नये. कूलरचे तोंड आणि स्पीकर एकमेकांसमोर येणार नाहीत, आणि आपण स्पीकरच्या जवळ बसू, एवढे पाहावे. कूलरवर मात करायला आवाज चढवत नेणे कानांना महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंतच ऐकावा. शेजाऱ्यांचाही हिशेब आहेच: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे.

मांडणी जमली का, हे तपासायला यंत्र लागत नाही. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ची ५६ गीते प्रसारित झाली. त्या काळातले कोणतेही आकाशवाणीचे ध्वनिमुद्रण किंवा बालगंधर्वांची कोणतीही तबकडी घ्यावी. ती एकाच माइकच्या हिशेबाने, म्हणजे मोनो असते. दोन्ही स्पीकरांतून ती लावल्यावर गायक दोघांच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला सरकत असेल तर अंतरे चुकली आहेत. सगळीकडे पसरून गोंधळ होत असेल तर एखाद्या स्पीकरची तार उलटी जोडली गेली असण्याची शक्यता असते.

खरेदीच्या वेळीही आपलीच ध्वनिमुद्रणे न्यावीत. दुकानदार लावतो ते गाणे त्या स्पीकरला शोभणारेच असते. पहिले, एकट्या तानपुऱ्याचे: जवारीचे बारीक सूर एकमेकांवर चढताना ऐकू आले पाहिजेत. दुसरे, तबला सोलो: डग्ग्यावरची मींड सरकताना कळली पाहिजे, नुसता ‘धप्प’ आवाज पुरेसा नाही. तिसरे, मराठी बोलणे: ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन वेगळे ‘च’, ‘ण’ आणि ‘न’ हे सहज वेगळे कळावेत. चौथे, आबिदा परवीन यांनी गायलेल्या सिराज औरंगाबादींच्या गझलेसारखे काही, जिथे आवाज हळुवारपणातून एकदम उसळतो. तिथे स्पीकर फाटला तर तो घेऊ नये. तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो.

पैठण गेट किंवा कॅनॉटच्या दुकानांत मोबाइलचे सामान आणि छोटे स्पीकर मुबलक मिळतात. निवड वाढवायची असेल तर पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत आणि जवळचे दुरुस्ती केंद्र पाहावे. वेगळा अडॅप्टर असेल तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी खूण आहे का, तेही पाहावे.

विजेचा एक त्रास इतका सार्वत्रिक आहे, की त्यासाठी पुढे स्वतंत्र प्रकरण दिले आहे. स्पीकर लावला की बारीक घरघर येते आणि माणूस स्पीकरला दोष देतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. घरघर गेली तर स्पीकर निर्दोष आहे; दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये वळसा तयार झालेला आहे. दोन्ही एकाच बोर्डावर लावणे, ब्लूटूथ किंवा ऑप्टिकलने जोडणे, असे त्यावर उपाय आहेत. तीन पिनेच्या प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतू शकतो, म्हणून कधीही मानू नये. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर भणभण वाढत असेल, तर तो इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे की स्क्वेअर वेव्ह, हे पाहायला हवे.

जुन्या म्युझिक सिस्टीमचे स्पीकर माळ्यावर पडून असतील, तर नव्या खरेदीआधी ते खाली उतरवावेत. पडद्याची फोमची कड झिजली नसेल आणि मागे ४, ६ किंवा ८ ओहम लिहिलेले असेल, तर एका छोट्या क्लास-डी अॅम्प्लिफायरवर ते पुन्हा उत्तम वाजू शकतात. कड झिजली असेल तरी नवी बसवता येते. त्याची कृती पुस्तिकेच्या शेवटच्या भागात चित्रांसह दिली आहे.

पुढील प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे. पहिले प्रकरण खोलीचे, कारण त्यात एक रुपयाही खर्च नाही. दुसऱ्यात दोन हजार, पाच हजार आणि बारा हजार रुपये अशा तीन अंदाजपत्रकांसाठी स्पीकर निवडण्याची पद्धत आहे. तिसरे प्रकरण स्रोतांचे आणि चौथे कॅसेट-तबकड्यांच्या डिजिटल प्रतींचे. पाचव्यात वीज, अर्थिंग आणि देखभाल येते. वाचकाने पहिले प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तिका बाजूला ठेवावी, घरात आज जे स्पीकर आहेत ते कोपऱ्यातून काढून त्रिकोणात मांडावेत आणि आठवडाभर रोजचेच गाणे ऐकावे. नवे काय घ्यायचे, किंवा काही घ्यायचे की नाही, ते त्यानंतर ठरवता येईल.